कुमुदकाकूंचं रोजचं एक

रोज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी माझ्या फोनवर जगातली एक निरुपयोगी गोष्ट येऊन पडते. तशी सोय मीच करून घेतली आहे. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, वॉम्बॅट नावाच्या प्राण्याची विष्ठा चौकोनी असते, असलं काहीतरी. ते मी अंघोळ करताना घोकतो आणि मग दिवसभर गिऱ्हाईक शोधत हिंडतो. ऑफिसातले लोक मला लिफ्टपाशी उभा पाहिलं की जिन्याकडे वळतात. माझ्या बायकोने, मानसीने, जेवणाच्या टेबलावर प्राणी आणि ग्रह या दोन विषयांना बंदी घातली आहे. तरीही रोज नवीन काही शिकणारा माणूस म्हणून मी स्वतःकडे कौतुकाने बघत असे. अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलला राहायला आलो आणि शेजारी कुमुदकाकू निघाल्या, तेव्हा हे कौतुक संपलं.

त्यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी बंद गॅरेजमध्ये, बंद गाडीत बसून रिमोटचं बटण दाबत होतो. आम्हाला त्या घरात येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. आदल्या रात्री वाऱ्याने झाडं पडली होती आणि अख्ख्या गल्लीतली वीज गेली होती. साडेआठची मीटिंग ऑफिसात जाऊन करायची होती आणि गॅरेजचं दार हलत नव्हतं. तेवढ्यात घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारातून एक सत्तरीच्या बाई आत आल्या. अंगावर पंजाबी ड्रेस, त्यावर पुरुषी जाकीट, हातात थर्मास.

"मी कुमुद. शेजारची. तुमची शेगडी विजेवरची आहे ना, म्हणून चहा आणला. मानसी म्हणाली तू इथे आहेस. काय करतोयस?"

"दार उघडत नाहीये. रिमोटची बॅटरी गेली असावी."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "अरे, वीज गेलीये."

मी क्लाउड कंप्युटिंगमध्ये काम करतो. एका खंडातले संगणक बंद पडले तर दुसऱ्या खंडातले कसे चालू करायचे, हे लोक मला विचारतात. त्या माणसाने गाडीतून उतरून "अरे हो" म्हटलं. काकूंनी थर्मास बॉनेटवर ठेवला, छतातून लोंबणारी लाल दोरी खसकन ओढली आणि दोन्ही हातांनी दार वर ढकललं. "ही दोरी ओढली की दार मशिनपासून सुटतं. मागच्या आठवड्यात शिकले. चहा पी आणि जा."

काका गेले त्याला तेव्हा चार महिने झाले होते. ते विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि घरातलं सगळं स्वतः करायचे. सांगलीहून आलेलं हे कुटुंब अठ्ठावीस वर्षं त्या घरात राहिलं, पण बटणं, व्हॉल्व्ह, शिड्या आणि स्क्रूड्रायव्हर हा प्रांत एकट्या काकांचा. काका गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात सिंकखालचा पाइप फुटला. पाणी कुठून बंद करायचं ते काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी टॉवेल टाकले, मग चादरी टाकल्या, शेवटी काकांचे स्वेटर टाकले. दुपारी पोस्टमन आला, त्याने गॅरेजच्या कोपऱ्यातला मेन व्हॉल्व्ह शोधून बंद केला.

"अठ्ठावीस वर्षं राहिले रे," काकू मला एकदा म्हणाल्या, "आणि माझ्या घरातलं पाणी कुठून बंद होतं ते पोस्टमनला कळलं, मला नाही. पाहुणीच होते मी इथे."

मुलगा निखिल ऑस्टिनला. तो म्हणत होता, घर विकून टाक आणि माझ्याकडे ये. काकूंनी एक वर्ष मागून घेतलं. जानेवारी ते डिसेंबर. तेवढ्या काळात ह्या घरात एकटीला नीट राहता येतं असं दाखवलं तर निखिलने पुन्हा विक्रीचा विषय काढायचा नाही; आणि काही विपरीत झालं, तर काकूंनी मुकाट्याने बॅग भरायची. असा तह झाला. त्या तहाचा निरीक्षक म्हणून नेमणूक झाली माझी. निखिलने मला फोन करून सांगितलं, "अमोल, जस्ट कीप ॲन आय, यार. संडेला एक छोटा मेसेज टाकत जा." मला ही जबाबदारी फार आवडली. मी दर रविवारी ऑफिसच्या थाटात स्टेटस पाठवू लागलो: काकू ग्रीन, घर ग्रीन, म्हणजे सगळं ठीक.

काकूंचा नियम असा होता की घरातलं रोज एक काम शिकायचं. एकच, पण जिवंत माणसाकडून आणि आपल्या हाताने. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर, सिंकखालच्या खरकटं दळणाऱ्या डिस्पोजलमध्ये अडकलेला चमचा, दाराची कुरकुर, शॉवरला चढलेला क्षार. ज्याच्याकडून शिकल्या त्याला गुरुदक्षिणा म्हणून बेसनाचा एक लाडू. मी त्यांना म्हटलं, "काकू, एवढी वणवण कशाला? सगळ्याचे व्हिडिओ असतात."

"व्हिडिओला लाडू कसा देणार?" काकू म्हणाल्या.

त्यांचं इंग्रजी कामापुरतं होतं, पण त्या कामाला ते भरपूर पुरायचं. एकदा बाथरूमचा नळ गळत होता म्हणून प्लंबर आला. मी निरीक्षक या नात्याने हजर होतो. प्लंबर चांगला सहा फुटी, दाढीवाला. त्याने पेटी उघडली तशी काकूंनी त्याला खुर्ची दिली. "यू सिट. यू टेल. आय डू." तो म्हणाला, मॅम, असं चालत नाही, हे माझं काम आहे. काकूंनी त्याच्या एका हातात चहाचा कप दिला आणि दुसऱ्या हातातला पाना काढून घेतला. पाऊण तास तो खुर्चीत बसून "राइटी टाइटी, लेफ्टी लूसी", म्हणजे उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल, असं म्हणत राहिला आणि काकूंनी नळ खोलून, वॉशर बदलून, परत बसवला. जाताना त्याला लाडू मिळाला. पुढच्या महिन्यात तो बोलावणं नसताना, गल्लीत आलो होतो म्हणून सांगत, वॉटर हीटरमधला गाळ कसा काढायचा ते शिकवायला आला.

शिकलेली गोष्ट विसरू नये म्हणून त्या रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी वापरायच्या. त्या त्या जागी पट्टी आणि पट्टीवर मराठीत सूचना. हीटरवर लिहिलं होतं, 'आधी वीज बंद. मग गॅस. मग देवाचं नाव.' मागच्या दाराच्या कडीवर, 'उचलून डावीकडे. रागावून नको.' वर्षाच्या मध्यापर्यंत ते घर एखाद्या पाठ्यपुस्तकासारखं झालं होतं. आमच्या घरातही मी अशा पट्ट्या लावाव्यात, असं मानसीचं म्हणणं पडलं. सुरुवात माझ्यापासून करावी, असंही ती म्हणाली.

आता माझी गोष्ट. एप्रिलमध्ये आमच्या घरात एक पक्षी शिरला. वरच्या मजल्यावर, बहुधा माळ्यात, मिनिटाला एकदा चिक् असा आवाज यायचा. दिसायचा मात्र नाही. मी वॉशिंग्टन राज्यातल्या पक्ष्यांवर वाचन सुरू केलं. आवाजाची नोंद केली, दोन जाती नक्की केल्या, माळ्यात एका ताटलीत दाणे ठेवले. पक्षी दाणे खात नव्हता, तेव्हा तो कीटकभक्षी असावा असंही मी मानसीला समजावून सांगितलं. नवव्या दिवशी काकू कसल्याशा कामाला आमच्याकडे आल्या. चिक् झालं. काकूंनी जेवणाची खुर्ची उचलून जिन्यात नेली, त्यावर चढल्या, छतावरचा, धूर झाला की वाजणारा भोंगा काढला आणि त्यातली संपत आलेली बॅटरी माझ्या हातात ठेवली.

"हा घे तुझा पक्षी. नऊ व्होल्टचा आहे."

मानसी जिन्यातच बसली. तिला हसू आवरेपर्यंत काकू खाली उतरून चहा टाकायलाही लागल्या होत्या. माझी अब्रू सावरावी म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "काकू, तुम्हाला माहितीये? ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

"बरं," काकू म्हणाल्या. "मग?"

"मग काय? तीन असतात."

"नाही, म्हणजे हे कळल्यावर मी उद्या सकाळी काय वेगळं करू?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. त्यांना वाटलं, एवढं शिकलेला माणूस सांगतोय त्यापुढे काहीतरी असेल. मी तिथे उभ्या उभ्या माझ्या साठ्यातल्या शंभरेक गोष्टी चाळल्या. एकीतही उद्या सकाळी करण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवसापासून काकूंकडून गुरुदक्षिणेचा लाडू मिळवायचा हे माझं ध्येय झालं. शेजारी म्हणून लाडू पुष्कळ मिळायचे, डबा भरून मिळायचे. पण मला कमावलेला हवा होता. पोस्टमनला मिळाला होता. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नऊ वर्षांच्या अनिकाने सायकलची हवा भरून दाखवली, तिला मिळाला होता. मी काकूंना स्प्रेडशीट शिकवायला गेलो, तर त्यांनी विचारलं हे कोणत्या खोलीत लागतं. भिंतीतलं भोक बुजवून दाखवायला गेलो, तर भोक वाढलं आणि ते कसं बुजवायचं हे त्या हार्डवेअरच्या दुकानातल्या म्हाताऱ्याकडून शिकून आल्या. लाडू त्याला गेला.

ऑक्टोबरच्या शेवटी माझी वेळ आली. आमच्याकडे फरच्या सूचिपर्णी झाडांच्या काड्या वर्षभर गळतात आणि छपराच्या कडेच्या पन्हळी तुंबतात. नोव्हेंबरात इथला पावसाळा लागतो, त्याच्या आत त्या साफ कराव्या लागतात, नाहीतर पाणी भिंतीत मुरतं. पलीकडच्या घरी आलेल्या कामगाराकडून काकू हे शिकल्या होत्या. शिडी कशी टेकवायची, तिची प्रत्येक पायरी कशी तपासायची, छपरावर शेवाळ असलेल्या भागात पाय ठेवणं कसं टाळायचं. शनिवारी सकाळी मी बाहेर आलो तर काकू पोर्चच्या छपरावर उभ्या. काकांचं जाकीट, पिवळे हातमोजे, एका हातात काड्यांचा चिखल. पोर्चचं छप्पर म्हणजे जमिनीपासून आठेक फूट.

"अमोल!" त्या वरून ओरडल्या. "माझा फोटो काढ. निखिलला पाठव. बघू दे त्याला."

इथे माझ्या विद्वत्तेने घात केला. त्याच सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी मला कळलं होतं की माणसाला भव्य दाखवायचं असेल तर कॅमेरा खाली ठेवून वरच्या दिशेने फोटो काढावा. मी हे काकूंना ओरडून सांगितलं.

"असं होय? कर की मग!"

मी ओल्या गवतात गुडघे टेकले, मग पोटावर झोपलो. फोटो अप्रतिम आला. घर तीन मजली दिसत होतं. काकू ढगांना टेकल्या होत्या. त्यांच्या पायाखाली छप्पर आहे हे तर दिसतच नव्हतं. मी तो निखिलला पाठवला आणि खाली 'काकू रॉक्स!' असं लिहून दंड दाखवणारे तीन इमोजी टाकले. काकू खाली उतरल्या, फोटो बघितला, खूप वेळ बघितला, आणि आत जाऊन एक लाडू घेऊन आल्या. "हे नवीन होतं. घे." मी तो लाडू घरी नेऊन मानसीला दाखवला, मगच खाल्ला.

निखिल दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर झाला.

मायलेकांचं भांडण मला ऐकू आलं कारण ते ऐकू यावं इतक्या जोरात चाललं होतं, आणि निरीक्षक म्हणून मलाही बोलावून बसवलं होतं. निखिल बारा वर्षांचा असताना ह्या घरात आलेला. त्याचं मराठी रागात अर्धं इंग्रजी व्हायचं. "आई, धिस इज नॉट ओके. तू पडली असतीस तर? कोणाला कळलं असतं? वी आर सेलिंग. बस."

"पडले का पण? काही झालंय का? तहात काय ठरलं होतं? अजून दोन महिने आहेत माझे."

"तू एक्काहत्तर वर्षांची आहेस!"

"म्हणून तर आता शिकतेय. आधी वेळ कुठे होता?"

मी मध्येच सांगायचा प्रयत्न केला की फोटोतली उंची खरी नाही, तो कोनाचा परिणाम आहे. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन परत खिशात ठेवला.

शेवटी निखिल उठला. "मागची बाजू राहिलीये ना? मी करतो. तू वर जायचं नाहीस." आणि तो तडक मागच्या अंगणात गेला. मागे जमीन उताराची, त्यामुळे तिथलं छप्पर खरोखर दोन मजल्यांच्या उंचीवर. काकू म्हणाल्या, "अरे, बूट बदल. ते गुळगुळीत आहेत." पण तो ऐकायच्या पलीकडे होता. शिडी मी धरली.

तो भराभर चढला. वरच्या टोकाला पोचल्यावर शिडीवरून छपरावर पाय टाकायची वेळ आली. त्याने एक पाय टाकला. शेवाळ ओलं होतं, पाय सरकला आणि त्याने पन्हळ पकडली. एक पाय शिडीवर, एक हवेत, आणि दोन्ही हात त्या पत्र्याच्या पन्हळीला. पडला नाही. पण त्यानंतर हललाही नाही. शिडी माझ्या हातात थडथड करत होती, ती थडथड त्याच्या पायांची होती. माझ्या डोक्यात त्या क्षणी शिडी आणि भिंत यांच्यातल्या कोनाचा नियम आला. वाचलेला होता. शिडी लावण्यापूर्वीचा.

"निखिल," काकू म्हणाल्या. आवाज अगदी साधा, जेवायला हाक मारावी तसा. "खाली नको बघू. भिंतीकडे बघ. भिंतीवर काय आहे?"

"काय... काही नाही. पेंट."

"कोणता रंग?"

"आई, प्लीज."

"कोणता रंग ते सांग."

"ग्रे."

"हं. आता हवेतला पाय हळू शिडीवर आण. घाई नाही. बाजूला पायरी आहेच. अजून खाली. लागली? आता एक हात सोड आणि शिडी धर. शाब्बास. आता दुसरा."

तो एकेक पायरी खाली आला. काकू तेवढा वेळ एकाच सुरात बोलत होत्या. त्याचे पाय जमिनीला लागले तेव्हा काकूंनी त्याच्या दंडावर एक जोरात चापट मारली आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळाने आम्हाला चहा मिळाला. त्यात साखर नव्हती. आम्ही दोघांनी तो गोड असल्यासारखा प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निखिल झोपलेला असताना काकू आमच्याकडे आल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या.

"मी जायचं ठरवलं."

मी म्हटलं, "काकू, चूक माझी आहे. मी गवतात झोपलो नसतो तर..."

"फोटो चांगला आला होता पण," त्या म्हणाल्या. "मी वर होते ना, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. खरंच सांगते, मजा वाटत होती. काल पहिल्यांदा खाली उभी राहिले. खालून काय दिसतं ते कळलं. तो फोटो बघून त्याची रात्र कशी गेली असेल रे."

"पण तुम्हाला सगळं येतं आता. तह तुम्ही जिंकलात."

"येतं ना. म्हणून तर जाते. मागच्या वर्षी गेले असते तर हाकलून दिल्यासारखी गेले असते. आता घर माझं आहे. माझं घर मी विकतेय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, मीच पुसले. "आणि डिसेंबर संपेपर्यंत हलणार नाही हं. ठरलेलं वर्ष पुरं करणार. निखिललाही रात्री तेच सांगितलंय."

राहिलेले दोन महिने त्या रोज काही ना काही शिकत राहिल्या. मात्र शिडीला हात लावला नाही. डिसेंबरात घर विकलं गेलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात निखिल त्यांना न्यायला आला. भाड्याची गाडी होती आणि सामान गाडीपेक्षा मोठं. काकू मानसीला भेटल्या, मला भेटल्या, अनिकाला भेटल्या, आणि पुढच्या सीटवर जाऊन पट्टा लावून बसल्या. पाऊस झिमझिम पडत होता. निखिल मागे डिकी बंद करायला झगडत होता. कुकरचा खोका आडवा ठेवला होता आणि त्याचं टोक दाराला अडत होतं. त्याने दार आपटलं, वर आलं. पुन्हा आपटलं, पुन्हा वर आलं. मी मदतीला गेलो आणि सगळ्या बॅगा काढून नव्या पद्धतीने रचल्या, त्यामुळे आधी मावत होती ती पिशवीही मावेना.

मी सहज पुढे पाहिलं. काकू बाजूच्या आरशातून आमच्याकडे बघत होत्या. तो खोका उभा करायचा, एवढंच काम होतं, आणि ते त्यांना दिसलं होतं. त्यांचा उजवा हात पट्ट्याच्या बटणापर्यंत गेला. तिथे थोडा वेळ थांबला. मग त्यांनी तो परत मांडीवर घेतला आणि त्यावर डावा हात ठेवला.

चौथ्या का पाचव्या खेपेला निखिलला खोका उभा करायचं सुचलं. दार लागलं. तो पावसाने भिजलेला, खूश होऊन ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसला.

"बंद झालं?" काकूंनी विचारलं.

"हो. झालं एकदाचं."

"शाब्बास," काकू म्हणाल्या, आणि गाडी निघाली.